प्रयोगशाळेतला शोध बाजारापर्यंत नेणे हा अभ्यासक्रमाचा भाग व्हावा: पुणे विद्यापीठाच्या विद्या परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्या परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, गणेशखिंड, पुणे

सविनय नमस्कार.

शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस आपल्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत अंतिम वर्षाच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षा होतात. निदान-संच तयार करणाऱ्या उद्योगात मी अनेक वर्षे उत्पादन विकासाचे काम केले असल्याने अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान या शाखांकडून मला बाह्य परीक्षक म्हणून बोलावणे येते आणि त्यानिमित्ताने काही गटांना पुढे मार्गदर्शन करण्याचीही संधी मिळते. या कामात जे वारंवार दिसले, त्यावरून मी आपल्यापुढे एकच मागणी ठेवत आहे. प्रयोगशाळेत यशस्वी झालेली गोष्ट कुणीतरी पैसे मोजून घेईल अशी वस्तू कशी बनते, हे ज्या विद्यार्थ्यांना शिकायचे असेल, त्यांना ते एखाद्या खऱ्या शोधावर काम करत, वर्षभर आणि पूर्ण श्रेयांकांसह शिकता यावे.

आजची रीत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. गट चौघांचा असतो. अहवाल हार्डबाउंड होऊन येतो. त्यात पूर्वसंशोधनाचा आढावा, कार्यपद्धती, निष्कर्ष आणि शेवटी ‘भविष्यातील वाव’ नावाचे एक पान असते. उपकरण टेबलावर मांडलेले असते. ते सुरू होते, आकडा दाखवते, आम्ही प्रश्न विचारतो, गुणपत्रकावर सह्या करतो आणि पुढचा गट आत येतो. ज्या वस्तूसाठी चार मुले वर्षभर राबली, ती त्या संध्याकाळी विभागाच्या कपाटात जाते. अनेकदा पुढच्या वर्षी तोच विषय नव्या गटाला मिळतो आणि काम पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते. मुलांच्या बुद्धीत किंवा कष्टात उणीव असते असे मला कधीच वाटले नाही. ‘भविष्यातील वाव’ या पानावर दोन-तीन परिच्छेदांत जे उरकलेले असते, त्यात शिकण्यासारखे जवळजवळ तितकेच शिल्लक असते, आणि ते शिकवण्याची जबाबदारी मात्र आपण कुणावरच सोपवलेली नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण त्याशिवाय माझी मागणी नेमकी काय आहे हे स्पष्ट होणार नाही.

एका गटाने दुधातील युरियाची भेसळ ओळखणारी कागदी पट्टी तयार केली होती. दुधाला फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधात उरणारे घनपदार्थ) पाहून दर मिळतो; पाणी घातलेल्या दुधाचा एसएनएफ चढा दिसावा म्हणून काही जण युरिया मिसळतात. पट्टीमागचे रसायनशास्त्र जुने आणि भरवशाचे आहे. पॅरा-डायमिथिलअमिनोबेन्झाल्डिहाइड या रसायनाची युरियाशी अभिक्रिया झाली की पिवळा रंग येतो. मुलांनी हे द्रावण गाळणकागदावर बसवले होते आणि प्रयोगशाळेत पट्टी चोख चालत होती. मात्र निरोगी जनावराच्या दुधातही नैसर्गिकरीत्या थोडा युरिया असतोच, म्हणूनच अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १०० मिलिलिटर दुधात ७० मिलिग्रॅम ही मर्यादा घालून दिली आहे. त्यामुळे पट्टी पिवळी होणे पुरेसे नव्हते. फिकट पिवळा कुठे संपतो आणि गडद पिवळा कुठे सुरू होतो, हे तिने सांगायला हवे होते.

परीक्षा संपल्यावर सुटीत आम्ही शिरूर तालुक्यातील एका दूध संकलन केंद्रावर पहाटे गेलो. खोलीत एकच पिवळसर दिवा होता. उत्पादक किटल्या घेऊन रांगेत उभे होते. केंद्रचालक एकेक नमुना यंत्राला लावत होता, पावती निघत होती आणि दूध बल्क कूलरमध्ये ओतले जात होते. गटातल्या मुलीने पट्टी बुडवली आणि ती हातात धरून बसली. रंग पक्का व्हायला काही मिनिटे लागत होती, आणि तेवढ्या वेळात पुढच्या पाच-सहा जणांचे दूध कूलरमध्ये मिसळून गेले. त्या पिवळ्या उजेडात फिकट आणि गडद यांतला फरक मलाही सांगता येईना. मग केंद्रचालकाने जे विचारले, त्याचे उत्तर कुठल्याच अहवालात नव्हते. “ताई, पट्टी पिवळी झाली तर मी करू काय? हा आमच्याच वाडीचा माणूस. आज त्याचं दूध परत केलं, तर उद्यापासून तो समोरच्या केंद्रावर घालणार.”

परतीच्या एसटीत मुले गप्प होती, आणि नंतर एकदम सगळी बोलू लागली. पट्टी वापरणारा माणूस ती विकत घेणारा नव्हता, ही गोष्ट त्या एका पहाटेत त्यांच्या लक्षात आली होती. भेसळ सापडण्यात ज्याचा फायदा आहे तो दूध संघाच्या गुणवत्ता विभागातला अधिकारी. त्याच्याकडे टँकरचे दूध तपासण्याची यंत्रे आहेत, पण टँकरमध्ये दोष सापडला तर तो कोणत्या केंद्रावरून आला हे शोधण्याचे साधन त्याच्या हाताशी नाही. म्हणजे पट्टीला रांगेच्या वेगाने चालण्याची गरजच नव्हती. केंद्रावर राखून ठेवलेल्या नमुन्यांवर, संघाच्या मार्ग पर्यवेक्षकाने, दिवसातून एकदा ती वापरणे पुरेसे होते. उजेडाचा प्रश्न सुटावा म्हणून मुलांनी पांढऱ्या एलईडीची एक छोटी पेटी केली आणि त्यात पट्टी ठेवून फोनच्या कॅमेऱ्याने रंग मोजायला सुरुवात केली.

मग पावसाळा आला. उघडलेल्या पाकिटातल्या पट्ट्या हवेतला ओलावा धरून वापरण्याआधीच पिवळसर पडू लागल्या. ॲल्युमिनियमचे पाकीट आणि आत ओलावा शोषणारी पुडी घालणे भाग पडले, आणि हिशेब केल्यावर दिसले की पाकिटाचा खर्च पट्टीतल्या रसायनाहून जास्त आहे. त्यानंतर एकसारखेपणाचा प्रश्न आला. हाताने बुडवलेल्या कागदाच्या कडांवर द्रावण जास्त बसते आणि मध्ये कमी. चाळीस पट्ट्या करताना हे लक्षात येत नाही, पण दहा हजार पट्ट्या करायच्या म्हटल्यावर तोच मुख्य प्रश्न होतो. भोसरीतल्या एका लेबल छापणाऱ्या कारखानदाराने त्यांना गुंडाळीच्या कागदावर समान थर कसा देतात हे यंत्रासमोर उभे करून दाखवले. या मुलांना वर्गात पृष्ठताण शिकवलेला होता. तो कशासाठी शिकायचा, हे त्या दिवशी समजले असे त्यांच्यापैकी एकाने मला सांगितले.

आपण हे विसरू नये की यातले एकही काम अभ्यासक्रमात नव्हते. जाण्यायेण्याचा खर्च मुलांनी खिशातून केला. गुण आधीच मिळालेले होते, त्यामुळे नोकरीच्या तारखा आल्या तसा गट पांगला. पट्टी आज बाजारात नाही. त्यांच्या वह्या, पेटीचे आरेखन, केंद्रांवरच्या नोंदी पुढच्या गटाकडे सोपवण्याची व्यवस्था असती, तर हे काम तिथून पुढे गेले असते.

आपल्या अभ्यासक्रमांत उद्योजकता हा विषय मुळीच नाही असे नाही. तो अनेक शाखांत आहे. पण तो बहुतेक ठिकाणी व्याख्यांचा, उद्योजकाच्या गुणांच्या यादीचा आणि काल्पनिक व्यवसाय आराखड्याचा विषय आहे. विद्यार्थी एखादा उद्योग मनाने रचतो, बाजारपेठेचा आकार इंटरनेटवरून घेतो, पाच वर्षांचा नफा तक्त्यात मांडतो आणि त्याला चांगले गुण मिळतात. त्या आराखड्यातल्या एकाही आकड्याला कुणी समोरासमोर आव्हान दिलेले नसते. हॅकेथॉन आणि विद्यापीठांतील ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेसारख्या स्पर्धांमुळे मुलांना हुरूप येतो, आणि त्या अवश्य चालू राहाव्यात, परंतु तिथेही निकाल परीक्षकांच्या मंडळाकडून लागतो, गिऱ्हाइकाकडून नाही.

पुण्याला दुसरी रीत अपरिचित नाही, हे मी विशेष आग्रहाने सांगू इच्छिते. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा कारखाना आणि संशोधन विभाग शेजारी शेजारी होते. तिथल्या डॉ. थिरुमलाचार यांच्या गटाने ज्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळवले, त्याच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. सूक्ष्मजीव ओळखणारे आणि तो मोठ्या टाक्यांत वाढवणारे एकाच आवारात काम करत होते.

त्याहून बोलके उदाहरण मेनाफ्रिव्हॅक या लशीचे आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात ‘अ’ गटाच्या जिवाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या साथी वारंवार येत. लस विकसित करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेने २००१ मध्ये प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्या देशांचे म्हणणे स्पष्ट होते की एका मात्रेला अर्ध्या डॉलरहून अधिक किंमत आम्हाला परवडणार नाही. किंमत आधी ठरली आणि लस नंतर घडली. लशीतील शर्करा आणि प्रथिन एकमेकांना जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत विकसित झाली, ती हस्तांतरित होऊन हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये आली आणि तिथे मोठ्या प्रमाणावर उत्पादन उभे राहिले. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो येथे तिची मोठी मोहीम सुरू झाली. पुढे २०१२ मध्ये ही लस ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार दिवसांपर्यंत बर्फाविना नेता येईल, अशी मान्यता मिळाली, कारण ज्या गावांत ती टोचायची होती तिथे बर्फ पोहोचवणे हीच मोठी अडचण होती. किंमत, जोडणीची पद्धत, उत्पादनाचा आकार आणि शेवटच्या गावातले तापमान, या चारही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवणे म्हणजे काय, हे शिकवायला आपल्या शहरातच इतका उत्तम धडा असताना तो किती वर्गांत शिकवला जातो?

संस्थांचीही वाण नाही. गणेशखिंडीतून पाषाण रस्त्याला लागले की राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येते. तिच्या आधाराने २००७ मध्ये सुरू झालेले व्हेंचर सेंटर विज्ञानाधारित नवउद्योगांना जागा, उपकरणे आणि सल्ला देते. आघारकर संशोधन संस्था, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, संगणन क्षेत्रातली सी-डॅक, वेताळ टेकडीवरची वाहन संशोधन संस्था एआरएआय ही सारी एकाच शहरात आहेत. आपल्या विद्यापीठातही महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. केंद्र सरकारच्या निधी-प्रयास योजनेतून प्रोटोटाइपसाठी १० लाख रुपयांपर्यंत, तर जैवतंत्रज्ञान उद्योगाला साहाय्य करणाऱ्या बायरॅक या सरकारी संस्थेच्या बिग योजनेतून जैवतंत्रज्ञानातील कल्पनेसाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. पण या सर्व दारांशी जो पोहोचतो, त्याच्याकडे आधीच काहीतरी असते: कुणाला हवे आहे याची खात्री, पहिल्या चाचण्यांचे आकडे, हक्कांबाबतची स्पष्टता. तिथवर विद्यार्थ्याला नेणारी पायवाट महाविद्यालयाच्या आतून निघायला हवी, आणि ती आज नाही.

हक्कांबाबत थोडे स्वतंत्रपणे लिहिते, कारण इथे मुलांचे प्रत्यक्ष नुकसान होताना मी पाहिले आहे. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो. काही मर्यादित अपवाद सोडले तर अर्ज करण्यापूर्वी तो जाहीर झाला की नावीन्य संपते. एका विद्यार्थिनीने आपले काम परिषदेतील पोस्टरवर सर्व तपशिलांसह मांडले, त्याचा सारांश छापून आला, आणि त्यानंतर कित्येक महिन्यांनी तिला पेटंटची विचारणा झाली. तोवर उशीर झाला होता. पोस्टर लावण्यापूर्वी तात्पुरत्या तपशीलपत्रासह, म्हणजे शोधाच्या प्राथमिक वर्णनासह, अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशीलपत्र देण्यासाठी १२ महिन्यांची मुदत मिळते, एवढे तिला कुणी सांगितले असते तर पुरे होते. खर्चाची सबबही आता उरलेली नाही. २०२१ मध्ये नियमांत बदल होऊन शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली, आणि ऑनलाइन अर्जाचे शुल्क ८,००० ऐवजी १,६०० रुपये झाले.

दुसऱ्या बाजूने पेटंटच्या संख्येचा हव्यासही महाविद्यालयांना जडला आहे. मानांकनाच्या तक्त्यांत पेटंटचे आकडे भरावे लागत असल्यामुळे अर्ज ‘प्रकाशित’ झाल्याचे फलक लागतात. अर्ज केल्यापासून १८ महिन्यांनी तो प्रकाशित होणे हा कार्यपद्धतीचा भाग आहे. त्यात शोधाच्या गुणवत्तेची पारख झालेली नसते. ज्याची पारख कुणी मागितली नाही, ज्याचा परवाना कुणी घेणार नाही, असे अर्ज करायला शिकवून आपण मुलांना चुकीची गोष्ट शिकवत आहोत. माझी विनंती आहे की या अभ्यासक्रमात पेटंटचा अर्ज करणे हे गुणांचे कारण कधीही होऊ नये. अर्ज करावा की करू नये याचा तर्क विद्यार्थ्याने मांडावा, त्या तर्काला गुण द्यावेत.

आता प्रत्यक्ष रचनेविषयी. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये आय-कोर हा संशोधन बाजारापर्यंत नेण्याचे प्रशिक्षण देणारा उपक्रम सुरू केला. त्यात संशोधक, विद्यार्थी आणि अनुभवी मार्गदर्शक असा गट असतो. काही आठवड्यांत त्या गटाने संभाव्य गिऱ्हाइकांच्या शंभर मुलाखती घ्यायच्या असतात, आणि त्या मुलाखतींत वस्तू विकायची नसते, केवळ समोरच्याचे काम आणि अडचण समजून घ्यायची असते. आपल्याकडे आयआयटी मद्रासने याच धर्तीवर उपक्रम चालवला आहे. हा नमुना जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणणार नाही. आपला विद्यार्थी एसटीने जाणार आहे. ज्याच्याशी बोलायचे तो बाजार समितीतला आडत्या, ससूनमधली परिचारिका किंवा चाकणच्या कारखान्यातला पर्यवेक्षक असणार आहे, आणि ई-मेल पाठवून यांची वेळ मिळत नाही. तेव्हा शंभरऐवजी तीस मुलाखती ठेवल्या तरी चालतील, पण त्या समक्ष, कामाच्या जागी, कामाच्या वेळी व्हाव्यात आणि प्रत्येकीची तारीखवार नोंद वहीत असावी.

वर्षाची सुरुवात शोधाच्या निवडीपासून व्हावी. विद्यापीठाच्या विभागांत आणि संलग्न संशोधन केंद्रांत प्रबंध होऊन पडून राहिलेले किती तरी काम आहे. संबंधित प्राध्यापकांच्या संमतीने त्यातले निवडक शोध विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत; स्वतःचा प्रकल्प पुढे न्यायचा असेल त्या गटालाही मुभा असावी. गट एका शाखेचा नसावा. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी, वाणिज्य शाखेतला एखादा आणि शक्य असेल तिथे विधी महाविद्यालयातला एखादा, अशी मिसळ झाली तर किमतीचा हिशेब आणि करारातली कलमे ही कुणाची तरी स्वतःची जबाबदारी ठरते. पहिल्या सत्रात मुलाखती आणि हक्कांची तपासणी व्हावी. दुसऱ्या सत्रात एकच प्रश्न असावा: हीच वस्तू दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ठिकाणाहून आणलेल्या कच्च्या मालापासून केली, तर ती तशीच येते का? माझ्या अनुभवात सर्वाधिक शोध इथे अडखळतात, आणि संशोधनपर लेखात हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. शिवाय वस्तूला कोणते मानक आणि कोणता परवाना लागेल हे दुसऱ्या सत्राच्या आरंभीच शोधायला लावावे. रुग्णाच्या तपासणीत वापरायचे उपकरण असेल तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मधील कोणत्या वर्गात ते बसते, यावर चाचण्यांचा खर्च आणि काळ दोन्ही ठरतात. हे शेवटी कळले तर सगळे आरेखन बदलावे लागते.

श्रेयांकांसाठी नवी चौकट उभारण्याची गरज नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात लागू झालेल्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगसाठी श्रेयांक राखलेले आहेत. ते बऱ्याच ठिकाणी प्रमाणपत्र गोळा करण्यात खर्ची पडतात. अभ्यास मंडळांनी ठरवले तर हेच श्रेयांक या वर्षभराच्या कामाला देता येतील.

मूल्यमापनाबाबत मी ठाम आहे. एखाद्या गटाने वर्षअखेरीस ‘ही वस्तू बाजारात चालणार नाही’ असा निष्कर्ष काढला आणि तो मुलाखती, चाचण्या व खर्चाच्या आकड्यांनी सिद्ध केला, तर त्या गटाला सर्वोच्च श्रेणी मिळण्यात कोणतीही आडकाठी नसावी. उद्योगात वेळेवर थांबवलेल्या प्रकल्पांनी वाचवलेला पैसा मी पाहिला आहे. विद्यार्थ्याला मात्र आपण असे शिकवतो की प्रकल्प यशस्वी दाखवलाच पाहिजे, आणि मग आलेखातले नकोसे बिंदू गळतात.

शिकवणार कोण, हा प्रश्न आपल्या मनात येईल. प्राध्यापकांवर आणखी एक ओझे टाकावे असे मला वाटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची, म्हणजे उद्योगातल्या अनुभवी माणसांना अध्यापक नेमण्याची, तरतूद केली असून मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात; त्यांना पीएच.डी.ची अट नाही. भोसरी, चाकण, रांजणगाव येथे साचे, ओतकाम, छपाई, पॅकिंग यांत आयुष्य घालवलेली, आता थोडी मोकळी झालेली कितीतरी माणसे आहेत. ती मराठीत आणि यंत्रापुढे उभी राहून शिकवतील. त्यांना बोलावण्याची पद्धत सोपी करावी आणि मानधन वेळेवर द्यावे. विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठी आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील एका-दोन चाचण्यांसाठी प्रत्येक गटामागे एक छोटी रक्कमही राखून ठेवावी, कारण खेड्यातून आलेल्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना खिशातला खर्च झेपत नाही, आणि मग हे शिक्षण सुखवस्तू घरांतल्या मुलांपुरते उरते.

मालकीचे नियमही पहिल्याच दिवशी सांगितले जावेत. विद्यार्थी आणि अध्यापकांसाठीच्या २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणाने याबाबत मार्गदर्शन केले आहे: अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किंवा संस्थेची साधने मोठ्या प्रमाणावर वापरून झालेल्या कामाचे हक्क संशोधक आणि संस्था यांचे संयुक्त, आणि त्याबाहेर स्वतःच्या साधनांनी केलेल्या कामाचे हक्क संशोधकाचे. उद्योग सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याला परवानगीने हजेरीत सवलत आणि सत्राची विश्रांती देण्याचेही त्यात म्हटले आहे. मला भेटलेल्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक होते. मार्गदर्शकाची स्वतःची कंपनी असेल किंवा बाहेरच्या कंपनीने विषय दिला असेल, तर ते लेखी नमूद व्हावे, म्हणजे मुलांचे श्रम शिक्षणाच्या नावाखाली फुकट वापरले जाणार नाहीत.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो मला मान्य आहे तिथवर मी मान्य करते. विद्यापीठाचे पहिले काम ज्ञाननिर्मिती आहे. ज्या संशोधनाचा आज कुणालाही उपयोग दिसत नाही, तेही इथेच व्हायला हवे. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था किंवा गणित विभाग यांत चाललेल्या कामाला ‘याचे गिऱ्हाईक कोण’ असे विचारण्याचा अधिकार कुणालाही असू नये. म्हणूनच मी ऐच्छिक अभ्यासक्रम मागते आहे, आणि विभागांचे किंवा प्राध्यापकांचे मूल्यमापन त्यावरून होऊ नये असेही म्हणते आहे. पण दुधाची पट्टी, जखमेवरचे मलम, पाण्याची गाळणी, पिकावरच्या रोगाची चाचणी हे विषय विद्यार्थ्याने निवडले, ते समाजाच्या उपयोगी पडावेत याच हेतूने निवडले, आणि आपण त्याला परीक्षेच्या टेबलापाशी सोडून दिले, तर त्याच्या हेतूचा मान आपण राखला नाही असे होते.

माझी विनंती अशी आहे की विद्या परिषदेने आगामी बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, संबंधित अभ्यास मंडळांची एक संयुक्त उपसमिती नेमावी आणि येत्या शैक्षणिक वर्षात मोजक्या महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू करावा. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांना त्यात स्थान असावे. द्राक्ष, कांदा, साखर आणि दूध यांवर काम करायचे तर शहराबाहेरची महाविद्यालये अधिक सोयीची आहेत. वर्षअखेरीस सर्व गटांच्या मुलाखतींच्या वह्या, गोपनीय तांत्रिक भाग वगळून, विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा कराव्यात, म्हणजे पुढचा गट त्या वाचून कामाला लागेल. उपसमितीच्या पहिल्या बैठकीसाठी लागेल तेवढा वेळ देण्यास मी तयार आहे. उद्योगातील माझ्या काही सहकाऱ्यांनीही तशी तयारी दाखवली आहे, आणि दूध संकलन केंद्रावरच्या नोंदींची वही त्या विद्यार्थ्यांच्या संमतीने मी सोबत आणीन.

आपली विश्वासू,
प्रकल्प परीक्षांची एक बाह्य परीक्षक
पुणे